पहिल्या शिलकीचा प्रश्न



या व्यासपीठावरून आपण आजवर संतसाहित्य, नाटक, सीमाभागातली बोली, इतिहास असे विषय ऐकत आला आहात. यंदा एका होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावले आणि त्याने विषय निवडला पैशाचा. काहींना हे विचित्र वाटेल. पण गेल्या दिवाळीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. त्याचे उत्तर चारचौघांत द्यावे, म्हणून हा विषय मीच सुचवला.

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीच्या माझ्या दवाखान्यात एक मुलगी आली. तिला मी ती पाळण्यात असल्यापासून ओळखतो. तिच्या आजीचा संधिवात आणि वडिलांचा दमा, दोन्हींची नोंद माझ्या वहीत आहे. वय २५, अविवाहित, पुण्यात नोकरी. तक्रार एकच, झोप लागत नाही. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत सविस्तर ऐकायची पद्धत आहे. ऐकता ऐकता कळले की तीन वर्षांच्या नोकरीत तिने ४ लाख २० हजार रुपये साठवले आहेत आणि घरातला प्रत्येक जण त्या रकमेला वाट दाखवतो आहे. वडील म्हणतात, महामार्गालगत प्लॉट घेऊ, थोडे तुझे, थोडे दादाचे, कागद दादाच्या नावाने करू. आजी म्हणते, सोनं घे, लग्नात लागेलच. मामा म्हणतात, आमच्या सोसायटीत ठेव, ११ टक्के देतात. आणि खोलीतली मैत्रीण मोबाईलवर ऑप्शनचे सौदे करते, ती म्हणते, महिन्यात दुप्पट होतील.

सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, "डॉक्टरकाका, तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मी म्हणालो, "पुढच्या खेपेला सांगतो." खरे सांगायचे तर मला लाज वाटली. ते उत्तर आज देतो.

१९८६ साली मी दवाखाना सुरू केला. तपासणीची फी पाच रुपये होती. रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, मी दहा रुपये द्यायचो, तो वहीत लिहायचा. पिग्मी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो आपलाच वाटतो. त्याचा उगम उडुपीचा. तिथे १९२५ साली स्थापन झालेल्या एका लहान बँकेने १९२८ मध्ये ही योजना काढली. रोज दोन आणे इतकी किरकोळ रक्कमसुद्धा बँकेचा माणूस दारात येऊन घ्यायचा. ती बँक पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. टी. एम. ए. पै, म्हणजे पेशाने डॉक्टरच. ज्याची कमाई रोजची, त्याची बचतही रोजची असली पाहिजे, हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते. आपल्या भागाला ते फारच मानवले. इथे तंबाखूचा पैसा वर्षातून एकदा यायचा, तोही व्यापाऱ्याच्या सवडीने. १९८१ साली शेतकरी भावासाठी पुणे–बंगळूर महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसे गेली, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. विडी कामगार बायकांचा पैसा आठवड्याला यायचा आणि भिशीत जायचा. प्रत्येकाच्या कमाईची जी चाल, तीच बचतीची चाल होती.

माझी पिग्मी वाढत गेली. पुढे एका सोसायटीने १४ टक्के व्याज देऊ केले. अध्यक्ष माझे रुग्ण होते, चांगल्या घरातले, देवळात रोज भेटणारे. मी सगळी शिल्लक तिकडे हलवली. ताळेबंद बघितला नाही, मागायचे सुचलेही नाही. दोन वर्षांनी एका सकाळी दार बंद होते आणि बाहेर गर्दी होती. निम्मे पैसे अकरा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळाले, व्याजाशिवाय.

हे मी विसरू शकलो असतो. पण माझ्या कंपाउंडरनेही तिथेच पैसे ठेवले होते. मुलीच्या लग्नासाठीचे. त्याने चौकशी केली नव्हती, कारण डॉक्टरांनी ठेवले होते. त्याची भरपाई मला जमेल तशी मी केली, पण लग्न दोन वर्षे लांबले. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. मीही ही गोष्ट आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

श्रोतेहो, त्या वेळी मला भुलवणारा शब्द होता 'दामदुप्पट'. आपण साहित्यप्रेमी मंडळी, म्हणून या शब्दाकडे जरा लक्ष द्या. आज तो जाहिरातीच्या फलकावर दिसतो. मूळचा 'दामदुपट' हा मात्र धर्मशास्त्रातला नियम आहे आणि तो कर्जदाराच्या रक्षणासाठी होता. सावकाराने कितीही वर्षे थांबून हिशेब मांडला, तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. मुंबई इलाख्यातली न्यायालये हा नियम मानत आणि बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळी हा शब्द लोभाला घातलेला बांध होता. आपल्या काळात तोच लोभाचे आमंत्रण झाला.

असे का झाले, तेही समजण्यासारखे आहे. १९८८ मध्ये सरकारने किसान विकास पत्र काढले. पोस्टात पैसे ठेवा, साडेपाच वर्षांत दुप्पट. आमच्या पिढीच्या मनात 'चांगली गुंतवणूक' म्हणजे साडेपाच वर्षे, हे तेव्हापासून कोरले गेले. एक सोपा हिशेब सांगतो. ७२ ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला साधारण तितकी वर्षे लागतात. उलट, ७२ ला वर्षांनी भागले की दर कळतो. साडेपाच वर्षे म्हणजे सुमारे १३ टक्के. त्या काळी सरकार तेवढे देत होते, कारण महागाई आणि कर्जाचे दरही चढे होते. पुढे दर उतरले. आज तेच किसान विकास पत्र साडेसात टक्के देते आणि दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे जास्त लागतात. सरकारने जुने वचन सोडून दिले, तरी ते वचन द्यायला गल्लोगल्ली दुसरे कोणीतरी उभे राहिले. आम्ही त्यांना विचारले नाही की सरकारला जे परवडत नाही ते तुम्हाला कसे परवडते? 'तीन वर्षांत दुप्पट' असे कोणी म्हणाले की ७२ ला तीनने भागा. २४ टक्के. इतके व्याज देणारा स्वतः किती टक्क्यांनी कर्ज देत असेल आणि ते घेणारा किती अडलेला असेल, याचा विचार करा.

आता ठेवीच्या सुरक्षिततेकडे येऊ. १९६० साली केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकेतल्या ठेवींना विमा मिळू लागला. सुरुवातीला मर्यादा फक्त १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या ठेवी मिळून, व्याज धरून, पाच लाख. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, सौहार्द सहकारी हे त्यात येत नाहीत. फलक, काउंटर, पासबुक सगळे बँकेसारखे दिसते, विमा मात्र नसतो. हा फरक आमच्या पिढीतल्या शंभरांतल्या किती जणांना माहीत होता, हे आपणच मनाशी ठरवा.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. आपल्या एकाच घरात एक ठेव कोल्हापूरच्या पतसंस्थेत, एक निपाणीच्या सौहार्दमध्ये आणि एक दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या बहुराज्य संस्थेत असते. पहिलीवर देखरेख महाराष्ट्राच्या सहकार खात्याची, त्याचे मुख्यालय पुण्यात. दुसरीवर कर्नाटकाची, बंगळूरहून. तिसरीवर केंद्रीय निबंधकांची, दिल्लीहून. सगळे सुरळीत असते तोवर आपल्याला हे जाणवत नाही. बिघडले की म्हातारा माणूस कागद घेऊन कुठल्या शहराच्या गाडीत बसायचे, इथपासून अडतो. मी सहकाराच्या विरुद्ध बोलत नाही. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळमध्ये सहकारी पतपेढी निघाली, तेव्हा याच मुलुखाने देशाला वाट दाखवली. आजही कित्येक संस्था प्रामाणिकपणे चालतात. पण प्रामाणिकपणा हा ताळेबंदात तपासायचा असतो. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर तो वाचता येत नाही.

आता त्या मुलीकडे वळतो. एकट्या, तरुण, कमावत्या माणसाची स्थिती इतरांहून वेगळी असते. त्याच्या हाताशी वर्षे पुष्कळ आहेत आणि अंगावर जबाबदाऱ्या थोड्या. पण मधेच नोकरी गेली तर घरात दुसरा पगार नाही. म्हणून पहिले काम परताव्याचे नाही. सहा महिन्यांचा खर्च बँकेत, हाताशी येईल असा, मुदत ठेवीत ठेवायचा. दुसरे, स्वतःच्या नावाचा आरोग्यविमा. कंपनीचा विमा कंपनीबरोबर जातो. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत एका ऑपरेशनने पाच-सहा वर्षांची बचत गेलेली घरे आहेत. तिसरे, नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून घ्यायचा नाही. २०२४–२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. इतके सुरक्षित व्याज दुसरीकडे सहसा मिळत नाही, आणि तरुण मुले तेच पैसे नवा मोबाईल घ्यायला काढतात.

आयुर्विम्याबद्दल बोलताना मला सावध राहिले पाहिजे, कारण या सभागृहात तीन-चार एजंट बसले आहेत आणि त्यांतले दोन माझे नातलग आहेत. तरी बोलतो. आपल्या मागे आपल्या कमाईवर जगणारे कोणी असेल, तर शुद्ध मुदतीचा विमा जरूर घ्यावा. कोणीच नसेल, तर केवळ आत्याच्या मिस्टरांचे टार्गेट पुरे व्हावे म्हणून वीस वर्षांचा हप्ता गळ्यात घालून घेऊ नये.

मग उरलेल्या पैशाचे काय? तो नुसता सांभाळून भागत नाही. माझी फी १९८६ मध्ये पाच रुपये होती, आज शंभर आहे. तेव्हा पेटीत ठेवलेल्या हजार रुपयांत दोनशे जणांची तपासणी झाली असती, आज त्याच हजारात दहा जणांची होईल. वेळ मात्र तरुणाच्या बाजूचा असतो. दरमहा ५,००० रुपये, ७ टक्के दराने, महिन्याच्या चक्रवाढीने धरा. पंधरा वर्षांत नऊ लाख भरून सुमारे सोळा लाख होतात. तीस वर्षांत अठरा लाख भरून सुमारे एकसष्ट लाख होतात. वर्षे दुप्पट केली आणि फळ जवळजवळ चौपट झाले. पीपीएफ हे यासाठी साधे साधन आहे. पंधरा वर्षांची मुदत, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, २०२० च्या एप्रिलपासून ७.१ टक्के.

शेअर बाजाराला आमची पिढी जुगार म्हणत आली. ते पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आठ हजारांच्याही खाली जाऊन आला. घाबरून विकले त्यांचे बुडाले. जे थांबले त्यांना २०१० च्या अखेरीस तोच आकडा पुन्हा दिसला. म्हणून निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणारा साधा इंडेक्स फंड, दरमहा ठरावीक रकमेने, आणि किमान दहा वर्षे ज्या पैशाला हात लावावा लागणार नाही अशाच पैशाने, एवढे तरुणाने करायला हरकत नाही. मैत्रिणीचे ऑप्शन ही वेगळी गोष्ट आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. शेवटच्या वर्षी या सौदेकऱ्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे आपलीच मुले. आम्ही ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून बुडालो, ती मोबाईलच्या पडद्यावर विश्वास ठेवून बुडतात.

सोन्याबद्दल आजीचे म्हणणे मी टाकून देणार नाही. अडीअडचणीला सोन्याने आपल्या बायकांना सावरले आहे. पण सोने दरवर्षी वाढतेच, ही समजूत चुकीची आहे. १९९६ मध्ये दहा ग्रॅमला पाच हजारांच्या आसपास भाव होता आणि २००२ मध्येही तो तिथेच होता. सहा वर्षे ते जागचे हलले नाही. प्लॉटचे म्हणाल, तर जमीन चांगलीच. पण आजारपणात प्लॉटचा एक कोपरा विकता येत नाही, आणि उताऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याची जमीन नाही. मुलीच्या पगाराने घेतलेली जमीन दादाच्या नावाने करायची, ही रीत आपल्या चांगल्या चांगल्या घरांत आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. तरी ती बरोबर नाही, असे मी आज स्पष्ट म्हणतो.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. आम्हा जैनांत श्रावकाची पाच अणुव्रते सांगितली आहेत. पाचवे परिग्रह-परिमाण. शेत, घर, चांदी, सोने, गुरे, धान्य, एकेक प्रकार मोजून सांगितला आहे आणि प्रत्येकाची मर्यादा आधीच ठरवून घ्यायची, असे व्रत आहे. लहानपणी मला वाटायचे की हे श्रीमंतांनी दान करावे म्हणून आहे. तेही आहेच. १८९९ साली स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिने वसतिगृहे उभी केली आणि कितीतरी गरीब मुले शिकली, ती लोकांनी आपल्या मर्यादेपलीकडचे दिले म्हणूनच. पण ठेवी बुडाल्यावर मला त्या व्रताचा दुसरा उपयोग कळला. मला किती हवे, कशासाठी हवे आणि कधी हवे, हे मी आधी ठरवले असते, तर १४ टक्क्यांची मला गरजच नव्हती. ८ टक्क्यांत माझे सगळे भागत होते. वरचे ६ टक्के कशासाठी हवे होते, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. जुना दामदुपट आणि परिग्रह-परिमाण, दोन्हींचा धडा एकच. मर्यादा आधी ठरवावी, हिशेब मग मांडावा.

म्हणून कोणत्याही तरुणाला मी वहीच्या पानावर तीन ओळी लिहायला सांगतो. हा पैसा कशासाठी? कधी लागेल? आणि बुडाला तर मला भरून कोण देईल? तिसऱ्या ओळीत माणसाचे नाव येत असेल, तर तो पैसा तिथे ठेवू नये. कायद्याचे नाव आले पाहिजे. आणि कोणीच देणार नाही, असे उत्तर असेल, जसे बाजारात असते, तर बुडाला तरी चालेल इतकाच ठेवावा.

ती मुलगी संक्रांतीला पुन्हा आली. मी तिला हे सगळे सांगितले, माझी आणि कंपाउंडरची गोष्टसुद्धा. तिने सहा महिन्यांच्या खर्चाचे दीड लाख बँकेत मुदत ठेवीत टाकले, आरोग्यविमा घेतला, पीपीएफ उघडले, आजीच्या समाधानासाठी थोडे सोने घेतले, स्वतःच्या नावाने. उरलेले दरमहा थोडे थोडे फंडात जाते. प्लॉटला तिने नाही म्हटले. वडील अजून थोडे नाराज आहेत आणि मला रस्त्यात भेटले तर तब्येतीपुरतेच बोलतात.

जाता जाता वडीलधाऱ्यांना एक विनंती. आपण जुनी, नावाजलेली घरे. आपल्या मुलांना आपण आजोबांनी घेतलेल्या जमिनीची गोष्ट सांगतो, शंभर रुपये तोळ्याने घेतलेल्या सोन्याची सांगतो. बुडालेल्या ठेवीची सांगत नाही, कारण त्यात आपली अब्रू आहे असे आपल्याला वाटते. पण लहान गावात आपण कुठे पैसे ठेवतो हे दहा जण पाहत असतात आणि त्यांतला एखादा आपला कंपाउंडर असतो. आज घरी गेल्यावर जेवणाच्या वेळी मुलांना जवळ बसवा आणि आपल्या एका तोट्याची गोष्ट आकड्यासकट सांगा. माझी मी आज इथे सांगितली. सांगायला मला पंचवीस वर्षे लागली, तुम्ही इतका उशीर करू नका.